बिल्डिंगला हिरवी जाळी लागली आणि घरातली झाडं रुसली

पत्र:
नमस्कार ताई, आम्ही भांडुप वेस्टला राहतो, दुसरा मजला, वन बीएचके. हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची उत्तरेला. दोन-तीन वर्षं माझी झाडं मस्त चालली होती, आता दिवाळीपासून एकेक बिघडायला लागलंय. पीस लिली मान टाकते आणि पाणी घातलं तरी उठत नाही. स्नेक प्लांटची दोन पानं बुडातून मऊ होऊन आडवी पडली. अरेका पामची टोकं ब्राऊन. मनी प्लांटची पानं पिवळी होऊन गळतायत, नवीन येतात ती बारकी बारकी. वरून कुंड्यांमधून चिलटं उडतात आणि सासूबाईंच्या चहात पडतात, त्यावरून घरात रोज बोलणी. पाणी रोज एक ग्लास, आधीसारखंच, कधी चुकवत नाही. खत पण घातलं. खिडकीतली तुळस तर गेलीच. नर्सरीवाला म्हणाला पाणी जास्त होतंय, व्हिडिओत सांगतात हवा कोरडी आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली. घरात बदल काहीच नाही, तेच घर, तीच झाडं. फक्त दसऱ्यापासून बिल्डिंगचं बाहेरून रिपेअरिंग चालू आहे, परांची बांधून हिरवी जाळी लावलीये, धुळीमुळे खिडक्या बंद असतात. काय करू?

उत्तर:

अहो ताई, बदल काहीच नाही म्हणता आणि शेवटच्या दोन ओळीत एवढा मोठा बदल लिहून टाकता! मी तुमचं पत्र वाचताना पीस लिली, स्नेक प्लांट, चिलटं असं करत करत डोक्यात याद्या बनवत होते आणि हिरव्या जाळीपाशी येऊन थांबले. तुमच्या सगळ्या झाडांचा आजार एकच आहे, लक्षणं वेगवेगळी दिसतायत कारण झाडं वेगवेगळी आहेत. उजेड गेला, वारा गेला, आणि पाणी मात्र आधीइतकंच चालू राहिलं.

आता हे नीट समजून घ्या कारण एकदा हे कळलं की पुढचं निम्मं तुम्ही स्वतःच सोडवाल. झाड पाणी पितं ते तहान लागली म्हणून आपल्यासारखं घटाघटा पीत नाही. पानाला उजेड मिळाला की पानावरची बारीक छिद्रं उघडतात, हवा आत जाते, अन्न तयार होतं, आणि त्याच छिद्रातून पाण्याची वाफ बाहेर जाते, ती गेली की खालून मुळं पाणी ओढतात. म्हणजे पाणी ओढायची मोटर उजेडावर चालते. उजेड अर्धा झाला की मोटर हळू होते. त्यात खिडकी बंद म्हणजे वारा नाही, डिसेंबर-जानेवारीची थोडी थंडी, त्यामुळे मातीतलं पाणी नुसतं उडून जाणंही कमी. दसऱ्याआधी तुमचा रोजचा ग्लास संध्याकाळपर्यंत बराचसा संपत असणार. आता तोच ग्लास तसाच बसून राहतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक. पंगतीत पोट भरलेल्या माणसाला आग्रह करकरून वाढायचं तसं चाललंय हे.

आणि माती सतत ओली राहिली की मातीच्या कणांमधल्या फटीत हवा असते ती जाते. मुळांनाही श्वास लागतो. तो मिळाला नाही की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड वरून तहानलेलं दिसतं! पानं मान टाकतात, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून घालतो. तुमची पीस लिली नेमकी इथे अडकली आहे. त्यामुळे नर्सरीवाला चूक नव्हता, त्याने अर्धंच सांगितलं. शेजारच्या काकूंच्या दृष्टीचं मी काही बोलत नाही, पण झाडांवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या तर मीठ कुंडीत पडू देऊ नका एवढंच.

"पण घरात तर उजेड आहे की, दिवसा लाईट लावावी लागत नाही," असं तुम्ही म्हणाल. इथेच आपले डोळे फसवतात. आपली बाहुली लहानमोठी होते आणि मेंदू जुळवून घेतो, त्यामुळे उजेड चौथा हिस्सा झाला तरी आपल्याला थोडंसंच अंधारलेलं वाटतं. फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं फुकट ॲप घ्या, अगदी अचूक नसतं पण इथे तिथे तुलना करायला पुरतं. दुपारी गच्चीवर उन्हात धराल तर आकडा लाखाच्या आसपास जाईल. उघड्या खिडकीच्या आत फुटभर अंतरावर, थेट ऊन नसताना, काही हजार. आणि सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीपासून आठ फुटांवर, शंभर-दोनशे. आता यात जाळी घाला. बाजारात शेडनेट मिळते ती ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशी, म्हणजे तेवढा उजेड ती अडवते. बिल्डिंगची जाळी कुठली लावली ते कॉन्ट्रॅक्टर जाणे, पण तिच्यावर तीन महिन्यांची सिमेंटची धूळ बसलेली आहे, शिवाय खिडकीची काच, तिच्यावरची धूळ, आतला पडदा. एकेक थर थोडा थोडा खातो. ॲप नको असेल तर भर दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फुटभर उंच हात धरा. बोटं वेगवेगळी ओळखू येतील अशी सावली पडली तर उजेड छान, नुसता धूसर डाग पडला तर मध्यम, आणि सावली शोधावी लागली तर तिथे झाड वाढत नाहीये, साठवणीवर दिवस काढतंय असं समजा. लक्समध्ये साधारण पाचशेच्या खाली.

तुमची उत्तरेची खिडकी तर या दिवसात तशीही कमजोर असते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत सूर्य पूर्णवेळ दक्षिणेकडून जातो, उत्तरेच्या खिडकीत उन्हाचा कवडसासुद्धा येत नाही. दिवसही लहान, डिसेंबरात जेमतेम ११ तास, जूनमध्ये तेच १३ च्या वर. म्हणजे जाळी नसती तरी थंडीत बेडरूममधल्या झाडांचं पाणी कमी करायलाच हवं होतं, दरवर्षी ते थोडक्यात निभावलं असणार. यंदा दोन्ही एकत्र आलं.

तर पहिलं काम, आजच, ग्लास बंद. सगळ्यांसाठी. आणि इथे मला एक विचारायचंय, पाणी तुम्ही एकट्याच घालता ना? कारण सासूबाई सकाळी पूजा झाली की तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओततात, मुलं वॉटरबॅगमधलं शिळं पाणी ओततात, कामवाल्या मावशी फरशी पुसताना दया येऊन थोडं घालतात, असं बऱ्याच घरात असतं आणि कोणालाच माहीत नसतं. पाणी घालायचं काम एकाच माणसाकडे द्या. सासूबाईंना आवड असेल तर त्यांच्याकडेच द्या, पण बोट घालून बघायचं शिकवून.

बोट म्हणजे काय तर मातीत दोन पेरं बोट घालायचं, आत ओलं गार लागलं तर परत फिरायचं. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही तिथे कुल्फीची धुतलेली काडी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा, ओली किंवा मातीने माखलेली आली तर पाणी आहे. सगळ्यात भारी युक्ती मात्र कुंडी उचलून बघायची. छोट्या-मध्यम प्लॅस्टिकच्या कुंड्यांना पाणी घातल्यावर लगेच उचलून वजन लक्षात ठेवा, मग चार-पाच दिवसांनी परत उचला, फरक हाताला कळतो. पंधरा दिवसात इतका सराव होतो की बोट घालायची गरजच पडत नाही. ऑनलाईन मिळतं ते दोन काट्यांचं मॉइश्चर मीटर घेऊ नका, मातीत क्षार जास्त असले तरी तो काटा हलतो आणि आपण भलत्याच आकड्यावर विश्वास ठेवतो.

आणि घालाल तेव्हा नीट घाला. रोज ग्लासभर घालण्यापेक्षा माती सुकल्यावर एकदा खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालायचं, अर्ध्या तासाने ताटलीत साठलेलं फेकायचं. तुमच्याकडे शोभेच्या सिरॅमिकच्या कुंड्या असतील ज्यांना खाली भोकच नसतं आणि आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवलेली असते, त्या आधी उचलून बघा. आत दोन बोटं काळं पाणी सापडलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ताटलीतलं पाणी डासांसाठीही वाईटच, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसात त्यातून डास बाहेर पडतात, म्हणून बीएमसीची माणसं घरी येतात तेव्हा आधी कुंड्यांखाली वाकून बघतात.

अंदाज हवाच असेल तर तुमच्या जाळीआडच्या जानेवारीत पीस लिलीला आठवड्यातून एकदा, अरेकाला पाच-सहा दिवसांनी, मनी प्लांटला आठ-दहा दिवसांनी, स्नेक प्लांटला तीन-चार आठवड्यांनी असं साधारण पडेल. पण हे कॅलेंडरवर लिहून भिंतीला लावू नका, परत तेच होईल. कुंडी उचला मगच ठरवा.

आता पेशंट.

पीस लिली सगळ्यात सिरियस आहे, तिच्यापासून सुरू करा. ही बया तहान लागली तरी पडते आणि मुळं सडली तरी पडते. कुंडी हलकी आणि माती कोरडी असेल तर पाणी घातल्यावर काही तासात उठून बसते. तुमची उठत नाही आणि माती ओली आहे, म्हणजे मुळं बघावीच लागतील. पेपर पसरा, कुंडी आडवी करून बाहेरून थापट्या मारा, बुंध्याला धरून अख्खा गोळा बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट, टणक असतं. सडलेलं तपकिरी-काळं, दाबलं की सालटं हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर राहते, वासही येतो गटारासारखा. सडलेलं सगळं कापा, दया दाखवू नका, कात्री आधी सॅनिटायझरने पुसून घ्या. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर खालची जुनी पिवळी पानंही त्याच प्रमाणात काढा, कारण उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत.

मग लावताना लहान कुंडी घ्या. लोक इथे प्रेमाने मोठी कुंडी घेतात, आणि मग मोजक्या मुळांभोवती एवढी माती ओली राहते की पुन्हा तोच प्रकार. मातीत लाल माती अर्ध्याहून कमी ठेवा, बाकी कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, थोडं गांडूळखत आणि पर्लाइट, म्हणजे माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे. पर्लाइट महाग वाटलं तर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात. खाली बांधकाम चालू आहे म्हणून तिथली रेती उचलून आणू नका, खाडीची असली तर त्यात मीठ असतं आणि तिथल्या ढिगात सिमेंट मिसळलेलं असतं. आणि कुंडीच्या तळाला खडे भरायची जी पद्धत आहे ना, त्याने पाणी लवकर निघतं हा गैरसमज आहे. पाणी मातीतून खड्यात सहज उतरत नाही, खड्यांच्या वरच्या मातीतच अडकून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळीचा कपटा ठेवला की झालं, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. लावल्यावर एकदा पाणी, निथळू द्या, आणि मग पुढचे सहा-सात दिवस तिच्याकडे नुसतं बघायचं. दोन-तीन आठवडे ती तशीच मलूल राहील, मधून एक गुंडाळलेलं नवं पान वर आलं की समजा वाचली. फुलांची अपेक्षा मात्र जाळी जाईपर्यंत ठेवू नका, कमी उजेडात पीस लिली जगते पण फुलत नाही.

स्नेक प्लांटचं सोपं आहे आणि वाईटही आहे. तो मूळचा आफ्रिकेतल्या कोरड्या भागातला, पाणी पानात आणि जमिनीखालच्या कंदात साठवून ठेवणारा. त्याची छिद्रं दिवसा बंद असतात, रात्री उघडतात, म्हणजे पाणी वाचवण्यासाठीच जन्माला आलाय, आणि तुम्ही त्याला रोज एक ग्लास देताय. दोन-तीन वर्षं त्याने सहन केलं हेच खूप. जी पानं बुडातून मऊ झाली ती परत टणक होत नाहीत. कुंडीतून काढा, मऊ झालेला कंद कापा, टणक भाग एक-दोन दिवस सावलीत तसाच उघडा ठेवा, जखम सुकली की कोरड्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी नको. पडलेल्या पानाचा वरचा टणक भाग वाया घालवू नका, तीन-चार इंचाचे तुकडे करून दोन-तीन दिवस सुकवून खालची बाजू खाली ठेवूनच लावा, महिना-दोन महिन्यांनी मुळं येतात. तुमचा पिवळ्या कडांचा असेल तर एक सांगते, पानाच्या तुकड्यापासून येणारं नवीन रोप साधं हिरवं येतं, पिवळी कड जाते. कड हवी असेल तर कंदासकट फुटवा वेगळा करायचा.

आणि बेडरूममध्ये तो ऑक्सिजनसाठी ठेवला असेल तर उजेडाच्या जागी हलवायला वाईट वाटून घेऊ नका. झाडं घरातली हवा शुद्ध करतात असं ते जे नासाचं नाव घेऊन नेहमी सांगतात, तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीत केलेला होता, आपल्या घरात दार उघडलं की जेवढी हवा बदलते तेवढं काम दोन कुंड्या करू शकत नाहीत.

मनी प्लांटची पिवळी गळणारी पानं पाण्यामुळे, आणि बारकी नवीन पानं उजेडामुळे. दोन पानांमधलं अंतरही वाढलं असेल बघा, वेल लांबुळका होऊन खिडकीकडे वळला असेल. पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची जात असेल तर नवीन पानं जास्त हिरवी येतायत का तेही बघा, कमी उजेडात तसं होतं. पाणी कमी केलं की गळ थांबेल. लांबुळकी वेल पेराच्या खाली कापून बाटलीत पाण्यात ठेवा, आठवड्याला पाणी बदला, खाली परत फुटवे येतील. मुळासकट बिघडला तरी ही काडी हाताशी राहते. चोरून आणला तरच जगतो म्हणतात, शेजारच्या काकूंकडे असेल तर एक काडी त्यांच्याकडूनही उचला.

अरेकाची टोकं हा जरा वेगळा विषय. एक-दोन कारणं मिळून होतं. मुळं ओलीने कमजोर झाली की पाणी शेवटच्या टोकापर्यंत पोचत नाही, सगळ्यात आधी टोक वाळतं. आणि दुसरं म्हणजे क्षार. तुम्ही खत घातलंत ना, उजेड कमी असताना झाड वाढत नाही, मग खत वापरणार कुठे, ते मातीत साठतं आणि टोकं करपवतं. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी बुरशीसारखी पण दगडी पापडी दिसतेय का? ती क्षाराची. पाणी कुठलं घालता तेही बघा. तुमच्याच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निम्म्याहून जास्त मुंबईला पाणी जातं, ते तलावांचं पाणी आहे, भातसा, वैतरणा वगैरे, झाडांना अगदी चांगलं, हलकं. पण रिपेअरिंगच्या काळात सोसायटी टँकर मागवत असेल किंवा बोअरचं पाणी फ्लशच्या लाईनला असेल आणि तेच बाल्कनीच्या नळाला येत असेल तर ते जड असू शकतं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणीही कुंडीत नको, क्षार तिथेच गोळा झालेले असतात. एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन कुंडीच्या दोन-तीन पट पाणी हळूहळू ओतून निथळू द्या, म्हणजे साठलेलं धुऊन जाईल, आणि मग नीट सुकेपर्यंत दुसरं पाणी नाही. वाळलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, दिसायला वाईट वाटत असेल तर कात्रीने तिरकी कापा, हिरव्या भागाला न लावता किंचित ब्राऊन कड ठेवून. खत सगळ्यांचंच मार्चपर्यंत बंद.

व्हिडिओतली कोरड्या हवेची गोष्ट मी फार मनावर घेतली नसती. दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या हीटरच्या घरांसाठी ती ठीक आहे, मुंबईत जानेवारीत उत्तरेकडून कोरडा वारा आला तरी आपली हवा अरेकाला मारण्याइतकी कोरडी होत नाही. पानांवर रोज पाणी फवारत असाल तर थांबवा. धुळीवर पाणी पडून चिखलाचे ठिपके होतात, बाकी काही नाही.

धूळ मात्र खरी शत्रू आहे. प्लास्टर तोडताना जी बारीक पूड उडते ती बंद खिडकीच्या फटीतूनही येते आणि पानावर थर बसवते, उजेड आणखी अडतो. आठवड्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने पान खालून हाताने धरून पुसा. छोट्या कुंड्यांची माती पिशवीने झाकून बाथरूममध्ये हलक्या शॉवरखाली धरल्या तरी चालेल. खोबरेल तेल, दूध, असलं काही चकाकी यावी म्हणून लावू नका, तेलावर धूळ दुप्पट चिकटते. पुसताना पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, कमजोर झाडावर तो हमखास येतो, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा.

चिलटांचं औषध म्हणजे वरची माती सुकवणं. त्यांच्या अळ्या वरच्या एक-दोन इंच ओल्या मातीत बुरशी आणि कुजकं खाऊन वाढतात, ती सुकली की पुढची पिढी होत नाही. उडणारी मोठी चिलटं पकडायला पिवळे चिकट कार्ड कुंडीत खोचा. तीन-चार आठवडे लागतील, कारण अंड्यात आणि मातीत असलेली बाहेर पडत राहतात, घाबरून लगेच फवारणी करू नका. आणि कुंडीत चहाचा चोथा घालता का हो? दूध-साखरेचा चहा गाळून चोथा तसाच टाकला की बुरशी आणि चिलटांना मेजवानीच. म्हणजे सासूबाईंच्या चहातली चिलटं कदाचित सासूबाईंच्याच चहावर वाढली असतील. हे त्यांना तुम्ही सांगू नका, मी म्हटलं म्हणून सांगा.

आता उजेडाचं. जाळी आपण काढू शकत नाही, आणि कृपा करून कात्रीने खिडकीपुरती कापूही नका, काही सोसायट्यांमध्ये लोक हे करतात. ती वरून पडणाऱ्या विटा-प्लास्टरपासून खालच्या माणसांना वाचवायला आहे. आपल्या हातात काय आहे ते करू. सगळ्या कुंड्या हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीपाशी गोळा करा, अगदी काचेला खेटून, एरवी मे महिन्यात मी असं कधी सांगितलं नसतं पण आत्ता जाळीमुळे करपायची भीती नाही. दोन फूट मागे सरकवलं तरी उजेड बराच पडतो. स्नेक प्लांट मागच्या रांगेत. काच आतून-बाहेरून जमेल तितकी पुसा, दिवसा पडदा पूर्ण बाजूला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कामगार ठोकाठोक थांबवतात तेव्हा तासभर खिडकी उघडा, पंखा हळू फिरू दे, माती सुकायला मदत होते.

एवढ्यानेही सावली पडत नसेल तर लाईट लावा. जांभळे गुलाबी ग्रो लाईटच हवेत असं काही नाही, घरात ब्युटी पार्लरसारखा उजेड पडतो आणि शेजारी विचारतात ते वेगळं. साधी पांढरी एलईडी ट्यूब, २० वॉटची, झाडांच्या शेंड्यापासून फूट-दीड फुटावर, दिवसाचे १०-१२ तास. छताला लावलेली ट्यूब उपयोगाची नाही, अंतर वाढलं की उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून ती खाली आणायची, बुकशेल्फच्या वरच्या फळीच्या खालून चिकटवली तर उत्तम. १२ तास चालवली तरी महिन्याला सात-साडेसात युनिट होतात. टायमरचा प्लग मिळतो तो लावा, रात्री मात्र बंद, त्यांनाही रात्र लागते. आणि लाईट लावल्यावर पाणी परत थोडं वाढेल हे लक्षात ठेवा, कुंडी उचलून बघायची सवय इथे कामाला येईल.

तुळस गेली त्याचं वाईट वाटलं, पण तिला यातलं काहीच पुरलं नसतं. तुळशीला चार-पाच तास थेट ऊन लागतं, ती घरातलं झाडच नाही. वाळलेल्या मंजिऱ्या असतील तर चोळून बी ठेवून द्या, जाळी गेल्यावर खिडकीत पेरा. तोपर्यंत पूजेला हवीच असेल तर सेक्रेटरींना विचारून गच्चीवर एक कुंडी ठेवा, वॉटरप्रूफिंगचं काम चालू नसलेल्या कोपऱ्यात.

शेवटचं, आणि हे फोनमध्ये आत्ताच रिमाइंडर लावून ठेवा. कॉन्ट्रॅक्टर पावसाआधी काम उरकायच्या मागे असतो, म्हणजे तुमची जाळी बहुतेक एप्रिल-मेमध्ये उतरेल, आणि तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत दुपारी तीन ते सहा भाजणारं ऊन असेल. सहा-सात महिने अंधारात राहिलेली पानं त्या उन्हात एका दुपारीत पांढरी होऊन करपतात, आणि तुम्ही म्हणाल आता तर उजेड दिला तरी काय झालं. जाळी उतरली त्याच दिवशी सगळ्या कुंड्या खिडकीपासून चार फूट मागे घ्या किंवा पातळ पांढरा पडदा लावा, आणि पंधरा दिवसात हळूहळू पुढे सरकवा. पीस लिलीला तर बेडरूमच्या उत्तरेच्या खिडकीतच हलवा, ती तिची त्या दिवसातली बेस्ट जागा. साधारण १५ मे ते २८ जुलै दरम्यान मुंबईत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडे असतो, तेव्हा त्या खिडकीला चांगला उजेड असतो, पण मऊ. जाळी उतरल्यावर माती पटापट सुकायला लागेल, चारच दिवसात कुंडी हलकी लागली तर दचकू नका, घाला पाणी. आणि मग जूनच्या मध्यावर पाऊस लागला की हवा दमट, आकाश झाकलेलं, पुन्हा कमी.

पीस लिलीची मुळं काढल्यावर किती पांढरी उरली ते कळवा, त्यावर तिचं पुढचं ठरवता येईल.